विषाणु आपलें घर कसें बदलतात ?

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. पावसाळा संपत आला होता. आमच्या वसतिगृहांतील मुलांनीं पारनेरच्या बाजारतळावरून कुत्र्याचें एक काळें पिलूं उचलून आणिलें आणि त्याचें नांव मोती असें ठेविलें. काळ्या पिलाला मोती कां म्हणावें, असें आम्हीं विचारलें असतां, "सर, त्याचे डोळे पाहा," असें उत्तर मिळालें. मोती महिनाभर मुलांच्या ताटांतील भाकरीवर वाढला. मग एके दिवशीं त्यानें खाणें टाकलें. दुसऱ्या दिवशीं ओकाऱ्या व रक्ताचे जुलाब सुरू झाले, आणि तिसऱ्या दिवशीं पहांटे तो मेला.

आवाराच्या कुंपणापलीकडे एक वृद्ध गृहस्थ राहत. मोतीच्या रात्रींच्या भुंकण्याबद्दल त्यांनीं दोनदां तक्रार केली होती. तेवढ्यावरून मुलांचा निकाल तत्काळ लागला : आजोबांनीं विष घातलें. त्या दिवसापासून मुलांनीं त्यांना नमस्कार करणें सोडलें. एकानें तर त्यांच्या पत्र्यावर दगडहि फेंकला. दगड फेंकणाऱ्यास आम्हीं शिक्षा केली हें खरें. परंतु विषाची गोष्ट खोटी आहे असें आम्हीं म्हटलें नाहीं, कारण मनांतून आम्हांलाहि ती खरीच वाटत होती.

तीन महिन्यांनीं मुलांनीं दुसरें पिलूं आणिलें व त्याच कोपऱ्यांत, मोतीच्याच गोणपाटावर त्याला ठेविलें. आठ दिवसांत त्याचीहि तीच अवस्था झाली. या वेळीं मात्र आम्हीं पशुवैद्यांस बोलाविलें. त्यांनीं विष्ठेची तपासणी केली आणि सांगितलें, "हें विष नव्हे. हा पार्व्हो नांवाचा विषाणु आहे. पहिलें पिलूंहि यानेंच गेलें असावें; कारण हा विषाणु जमिनींत व चिंध्यांत महिनेच्या महिने टिकतो."

सायंकाळीं आम्ही मुलांना घेऊन त्या गृहस्थांकडे क्षमा मागावयास गेलों. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "सांगितलेंत तें बरें केलेंत. पण मास्तर, मला एवढें सांगा, हा रोग माझ्या शेळ्यांना लागेल का ? आणि घरांत मांजर आहे, तिला ?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या दिवशीं देतां आलें नाहीं. एका प्राण्याचा रोग दुसऱ्याला कां लागतो, आणि कां लागत नाहीं, हा दिसावयास साधा पण फार खोल प्रश्न आहे. त्यासाठीं आम्हीं जें वाचलें व जाणत्यांकडून समजून घेतलें, तें आमच्या विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या आईबापांसाठीं येथें देत आहों.

प्रथम विषाणु म्हणजे काय तें पाहूं. विषाणु हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें एखादा बारीक किडा उभा राहतो. ती कल्पना सोडून द्यावी. विषाणु खात नाहीं, वाढत नाहीं, श्वास घेत नाहीं. प्रथिनाच्या डबींत बंद केलेली ती एक चिठ्ठी होय, आणि त्या चिठ्ठीचा सारांश इतकाच असतो कीं, "माझ्या नकला करा." चिठ्ठी बाहेर पडून राहिली तर तिचें कांहीं होत नाहीं. परंतु ती योग्य अशा सजीव पेशींत पोंचली, तर ती पेशी आपलें काम टाकून तिच्या नकला करूं लागते. पार्व्होची डबी इतकी लहान असते कीं, एक मिलिमीटर लांबीच्या रेषेवर अशा सुमारें ४० हजार डब्या ओळीनें मांडतां येतील. तिच्यांतील मजकूर सुमारें ५ हजार अक्षरांचा असतो. आपल्या या वार्षिकाच्या दोन-तीन पानांत तो सहज मावेल.

पूर्वीं पोथ्या हातानें नकलून घेत. नकलणारा कितीहि सावध असला तरी कोठें काना गळे, कोठें मात्रा चुके. बहुतेक चुकांनीं अर्थ बिघडे. परंतु क्वचित् एखाद्या चुकीनें वाक्याला निराळाच अर्थ येई. विषाणूच्या नकलांतहि असेंच होतें. आजारी पिलाच्या एक ग्रॅम विष्ठेंत अब्जावधि विषाणु असतात. इतक्या नकला झाल्या म्हणजे चुकलेल्या नकलाहि असंख्य होणारच. त्यांतील बहुतेक निकामी ठरतात. परंतु असंख्य किल्ल्या वेड्यावांकड्या कापल्या, तर त्यांतील एखादी भलत्याच कुलपाला लागूं शकते.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. विषाणु नव्या प्राण्यांत शिरण्यासाठीं स्वतःला बदलतो, असें आपण सहज बोलून जातों. परंतु विषाणूला इच्छा नाहीं, बुद्धि नाहीं. आपल्या जिराईत रानांतील ज्वारीकडे पाहा. पाऊस हुकलेल्या वर्षीं शेंकडों रोपें जळतात आणि जें तगतें त्याचेंच बीं पुढें पेरलें जातें. तें रोप दुष्काळासाठीं बदललें असें नव्हे. तें मुळांतच थोडें निराळें होतें, आणि दुष्काळानें त्याची निवड केली. विषाणूच्या बाबतींत नवा प्राणी हाच तो दुष्काळ. चुका आपोआप होतात; त्यांतून निवड करणारी चाळण म्हणजे त्या प्राण्याचें शरीर. या क्रियेलाच उत्क्रांति म्हणतात. हत्तीघोड्यांत जी उत्क्रांति लाखों वर्षांनीं दिसते, ती विषाणूंत आपल्या डोळ्यांदेखत कांहीं वर्षांत दिसते, इतकाच भेद.

ज्या प्राण्याच्या शरीरांत विषाणु राहतो त्याला आपण यजमान म्हणूं. नव्या यजमानाकडे जावयाचें तर विषाणूला तीन परीक्षा उतराव्या लागतात. पहिली दाराची : पेशीच्या बाहेरच्या अंगास निरनिराळ्या आकड्या असतात, त्यांपैकीं एखादीला विषाणूची डबी बरोबर अडकली पाहिजे. दुसरी घरांतील : आंत गेल्यावर त्या पेशीच्या साधनसामग्रीनें त्याच्या नकला निघाल्या पाहिजेत, आणि शरीराच्या पहारेकऱ्यांनीं त्याला मारतां कामा नये. तिसरी परीक्षा सर्वांत कठीण : बाहेर पडून त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्यापर्यंत, तेथून तिसऱ्यापर्यंत, अशी त्याची परंपरा चालली पाहिजे. पहिल्या दोन परीक्षा उतरून जो तिसरींत नापास होतो, तो विषाणु त्या घरीं केवळ पाहुणा होय. तो यजमानाला मारूं शकेल, परंतु तेथेंच त्याची कथा संपते. जो तिन्ही उतरतो तो बिऱ्हाडकरू होतो, आणि मग एक नवा रोग जगांत येतो.

आतां मोतीला मारणाऱ्या पार्व्होचीच कथा ऐका. मांजरांना होणारा एक जुना रोग आहे. त्यांत जुलाब होतात व रक्तांतील पांढऱ्या पेशी नाहींशा होऊन पिलें मरतात. कुत्र्यांना तो होत नसे. असें असतां १९७८ सालीं अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या देशांत कुत्रीं एकाएकीं रक्ताच्या जुलाबांनीं मरूं लागलीं. लहान पिलें मेलीं, तशीं मोठीं कुत्रींहि मेलीं. कारण कोणाच्याहि शरीराला या शत्रूची ओळख नव्हती. शास्त्रज्ञांनीं विषाणु वेगळा करून पाहिला, तों तो मांजरांच्या त्या जुन्या विषाणूशीं जवळजवळ तंतोतंत जुळणारा निघाला. शंभरांतील अठ्ठ्याण्णवांहून अधिक अक्षरें तींच होतीं. मग युरोपांत पूर्वीं सांठवून ठेविलेलें कुत्र्यांचें रक्त तपासण्यांत आलें, तेव्हां १९७५ च्या आसपासच्या रक्तांत या विषाणूची खूण सांपडली. त्यापूर्वींच्या रक्तांत ती नव्हती. म्हणजे हा रोग जगांत केव्हां आला हें आपणांस जवळजवळ वर्षानिशीं सांगतां येतें. असा योग फार थोड्या रोगांच्या बाबतींत येतो.

अशा थोड्याशा अक्षरांनीं काय झालें ? प्रत्येक पेशीला लोह लागतें, आणि तें आंत घेण्यासाठीं तिच्या अंगावर एक आकडी असते. मांजरांचा विषाणु याच आकडीला धरून आंत शिरतो. ही युक्ति मोठी लबाड आहे, कारण लोहावांचून पेशी जगत नाहीं, म्हणून ती आकडी तिला काढून टाकतां येत नाहीं. कुत्र्याच्या पेशीवरहि अशीच आकडी आहे. परंतु तिच्यावर साखरेच्या रेणूंची एक लहानशी झालर अधिक आहे, आणि तिच्यामुळें मांजरांच्या विषाणूची डबी तेथें अडकत नसे. डबीच्या पृष्ठभागावरील दोनचार ठिकाणचे घटक बदलले आणि नवी डबी ती झालर चुकवून आकडीला धरूं लागली. शेंकडों वर्षें बंद असलेलें दार त्या दोनचार फेरांनीं उघडलें.

पुढची हकीकत याहून नवलाची आहे. १९७८ च्या या पहिल्या श्वान-पार्व्होनें कुत्र्याचें दार मिळविलें, पण मांजराचें गमावलें; मांजरांत तो वाढत नसे. एकाच किल्लीनें दोन्ही कुलपें उघडणें सोपें नसतें. परंतु एक-दोन वर्षांतच त्याचा एक नवा प्रकार निघाला. त्यानें पहिल्या प्रकाराला जगभर मागें सारलें, आणि कुत्रें न सोडतां तो मांजरांतहि पुन्हां शिरूं लागला. १९८४ मध्यें आणखी एक, व २००० मध्यें इटलींत आणखी एक प्रकार दिसला. म्हणजे जो मांजराकडून निघाला तो कुत्र्याच्या घरीं बिऱ्हाड करून, नवें रूप घेऊन, मांजराच्या दारीं परत आला. आजोबांच्या मांजरीविषयींच्या प्रश्नाचें उत्तर वाचकांच्या ध्यानांत येऊं लागलें असेल.

कुत्र्यांचा दुसरा मोठा शत्रु डिस्टेंपर. यांत ताप येतो, डोळ्यानाकांतून पू वाहतो, खोकला लागतो आणि शेवटीं झटके येतात. याच्या कुळांतील मंडळी आपल्या ओळखीची आहेत. लहान मुलांचा गोवर, गुरांची बुळकांडी व शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर हे सर्व याचेच भाऊबंद होत. बुळकांडीनें आपल्या आजोबा-पणजोबांचे गोठे ओस पाडले. लसीच्या जोरावर तिचा जगांतून नायनाट झाल्याचें २०११ सालीं जाहीर झालें. मूळ एकच असून एकेका शाखेनें एकेक यजमान धरला. परंतु यांत डिस्टेंपर हा सर्वांत भटक्या. कोल्हा, लांडगा, खोकड, तसेंच सिंह, वाघ व बिबळ्या इतक्या घरांचीं दारें त्याला उघडतां येतात. सन १९९४ मध्यें आफ्रिकेंतील सेरेंगेटी या अरण्यांत त्यानें सुमारें एक हजार सिंह, म्हणजे तेथील तिसरा हिस्सा, मारले.

आपल्या देशांतहि याचा अनुभव आला. गुजरातेंतील गीरच्या जंगलांत सप्टेंबर २०१८ मध्यें दलखाणिया भागांत सिंह मरूं लागले, आणि सुमारें तीन आठवड्यांत २३ सिंह गेले. नमुने आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंत आले व त्यांत डिस्टेंपरचा विषाणु सांपडला. आशियांतील सिंह रानटी अवस्थेंत साऱ्या जगांत केवळ गीर व त्याच्या आसपास उरलेले आहेत. त्या एकाच ठिकाणीं असा रोग शिरणें म्हणजे सबंध जातीच्या जिवावरचा प्रसंग होता. परदेशांतून लस आणवून सिंहांना टोंचण्यांत आली.

कोणी म्हणेल, सिंह गीरमध्यें. पारनेरला त्याचें काय? तर आपल्या जिल्ह्याकडे पाहूं. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिबळे काय खातात याचा शोध केला व २०१४ सालीं तो प्रसिद्ध झाला. बिबळ्याच्या आहारांत वजनानें ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के ! त्या भागांत शेळ्या कुत्र्यांपेक्षां कितीतरी अधिक असूनहि बिबळ्याचें मुख्य अन्न कुत्रेंच ठरलें. आमच्या तालुक्याच्या कुकडीकांठच्या उंसांतहि बिबळ्या आतां अपरिचित राहिलेला नाहीं. जें कुत्रें डिस्टेंपरनें अर्धमेलें होऊन बांधावर पडतें, तें पळूं शकत नाहीं. म्हणून तेंच प्रथम त्याच्या तोंडीं लागतें. विषाणूला याहून सोयीचा पूल कोणता असणार ?

माळरानाचीहि गोष्ट अशीच. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांत नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरांत अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक व त्यांचे सहकारी यांनीं गांवच्या कुत्र्यांचें व रानांतील खोकडांचें रक्त तपासलें. दर दहा कुत्र्यांपैकीं सुमारें नऊ कुत्र्यांच्या रक्तांत पार्व्होच्या व डिस्टेंपरच्या पूर्वसंसर्गाची खूण होती. खोकडांतहि ती आढळली, परंतु त्याहून कमी प्रमाणांत. ज्या माळावर धनगरांचीं कुत्रीं मेंढरांमागें फिरतात त्याच माळावर खोकड रात्रीं उंदीर शोधते. दोघांचे मार्ग एकमेकांस रोज छेदतात, आणि प्रत्येक छेदाच्या ठिकाणीं विषाणूला आपली एखादी वेडीवांकडी किल्ली लावून पाहण्याची संधि मिळते.

बहुतेक वेळां किल्ली लागत नाहीं, किंवा लागली तरी विषाणु पाहुणाच राहतो, हेंहि सांगितलें पाहिजे. नाहींतर वाचक उगाच भयभीत होतील. डिसेंबर २०२४ मध्यें नागपूरच्या गोरेवाडा येथील प्राणी बचाव केंद्रांत तीन वाघ व एक बिबळ्या मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेंत तपासणी होऊन तो पक्ष्यांचा फ्लू असल्याचें निष्पन्न झालें. हा विषाणु पक्ष्यांच्या घरचा बिऱ्हाडकरू. मार्जारकुळांतील प्राण्यांना तो मारतो. परंतु त्यांच्यांत आपली परंपरा चालविणें त्याला अद्याप साधलेलें नाहीं. उलट, घोड्यांचा एक फ्लू २००४ सालीं अमेरिकेंत शर्यतीच्या कुत्र्यांत शिरला आणि तेथें एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे पसरूं लागला. पहिला पाहुणा, दुसरा बिऱ्हाडकरू. मात्र पाहुण्यावर नजर ठेवावी लागते, कारण आजचा बिऱ्हाडकरू कधीं काळीं पाहुणा म्हणूनच आलेला असतो.

रेबीज, म्हणजे पिसाळण्याचा रोग, हें या दोन्ही स्थितींचें एकत्र उदाहरण आहे. आपल्या देशांत त्याचें बिऱ्हाड मुख्यतः कुत्र्याच्या घरीं आहे. गाय, शेळी, मांजर, मनुष्य यांच्याकडे तो पाहुणा म्हणून येतो. परंतु एकदां लक्षणें दिसूं लागलीं कीं हा पाहुणा यजमानाला जवळजवळ कधींच जिवंत सोडीत नाहीं. कित्येकांची अशी समजूत असते कीं, कोणताहि विषाणु एका यजमानाकडे फार दिवस राहिला म्हणजे सौम्य होतो. रेबीजनें ती खोटी ठरविली आहे. हजारों वर्षें कुत्र्याच्या संगतींत राहूनहि तो तितकाच क्रूर आहे; कारण त्याचा प्रसारच चावण्यांतून व लाळेंतून होतो, आणि यजमान पिसाळण्यानेंच त्याचें काम होतें. सौम्यपणा विषाणूला फायद्याचा असला तरच टिकतो.

परंतु याच रेबीजनें मनुष्याला एक मोठी युक्तीहि शिकविली. फ्रान्सचे थोर शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनीं हा विषाणु सशाच्या मेंदूंत टोंचला, त्या सशाकडून दुसऱ्या सशांत, दुसऱ्याकडून तिसऱ्यांत, असें पुनःपुन्हां केलें. विषाणु सशाच्या मेंदूला इतका सरावला कीं रोग दिसावयास लागणारा काळ घटत घटत सुमारें सात दिवसांवर येऊन स्थिर झाला. अशा सशांच्या पृष्ठरज्जूचे तुकडे वाळवून, विषाणूचें बळ घटवून, पाश्चरांनीं लस केली, आणि ६ जुलै १८८५ रोजीं पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या जोझेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ती टोंचण्यास आरंभ केला. मुलगा वांचला. पुढें आपल्या देशांत कुमाऊंतील मुक्तेश्वर येथें जे. टी. एडवर्ड्स यांनीं १९२० नंतरच्या दशकांत बुळकांडीचा विषाणु शेंकडों वेळां शेळीकडून शेळीकडे नेला. तो शेळ्यांना सरावला तसा गुरांना मारण्याचा त्याचा जोर ओसरला, आणि त्याचीच गुरांसाठीं लस झाली. कुत्र्यांच्या डिस्टेंपरची लसहि विषाणूला कोंबडीच्या अंड्यांतील गर्भासारख्या परक्या घरीं वाढवूनच तयार करण्यांत आली. नव्या घरीं रमला म्हणजे जुन्या घरचा जोर जातो, हा विषाणूचा स्वभाव मनुष्यानें ओळखला व त्याच्यावरच उलटविला.

आतां या सर्वांचें तात्पर्य काय ? नवा रोग जन्मास येण्यास तीन गोष्टी लागतात : नकलांतील चुका, नकलांची प्रचंड संख्या, आणि नव्या यजमानाशीं गांठ पडण्याची संधि. चुका थांबविणें कोणाच्याहि हातीं नाहीं. परंतु संख्या व संधि पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहेत. ज्या कुत्र्याला लस मिळाली आहे त्याच्या शरीरांत विषाणूचा छापखानाच नीट चालत नाहीं. मग चुकाहि कमी, आणि रानाकडे जाणारा पूलहि अरुंद. म्हणून एका पिलाला टोंचलेली लस त्या पिलापुरती नसते. ती शेजाऱ्याच्या मांजरीसाठीं, माळावरच्या खोकडासाठीं, उंसांतल्या बिबळ्यासाठीं आणि आपल्या मुलांसाठींहि असते.

हें केवळ बोलणें नव्हे. गोव्यांत २०१४ पासून तेथील सरकारनें व मिशन रेबीज या संस्थेनें मिळून घरोघरच्या व रस्त्यावरच्याहि कुत्र्यांना दरवर्षीं पद्धतशीर लस टोंचण्याचा उपक्रम चालविला, शाळांतून मुलांना शिकविलें, आणि संशयित कुत्र्यांची वर्दी घेण्याची व्यवस्था केली. परिणाम असा झाला कीं २०१८ व २०१९ या दोन वर्षांत तेथें एकहि मनुष्य रेबीजनें दगावला नाहीं. दर दहांपैकीं सात कुत्र्यांना लस मिळाली म्हणजे रेबीजची परंपरा तुटते, असें जाणते सांगतात. सातच, दहाच्या दहा नव्हेत. एवढें एका तालुक्याला अशक्य नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पिलाला सहा ते आठ आठवड्यांचें असतां पार्व्हो व डिस्टेंपर यांची पहिली लस द्यावी, आणि तें सोळा आठवड्यांचें होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनीं ती पुन्हां द्यावी. एकदां देऊन भागत नाहीं, कारण आईच्या दुधांतून मिळालेली प्रतिकारशक्ति प्रारंभीं लसीलाहि निष्फळ करते, आणि ती प्रत्येक पिलांत निरनिराळ्या दिवशीं ओसरते. तीन महिन्यांनीं रेबीजची लस द्यावी व ती पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें चालू ठेवावी. पार्व्होनें पिलूं मेलें तर त्याचें अंथरूण जाळावें, जागा साफ करून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानें धुवावी, आणि लस पूर्ण न झालेलें पिलूं तेथें निदान वर्षभर आणूं नये. डिस्टेंपरचा विषाणु साबणानें व उन्हानें लवकर मरतो. पार्व्हो तसा मरत नाहीं. आणि कुत्रें किंवा मांजर चावलें, ओरबाडलें, तर हळद, चुना, मिरची कांहींहि न लावतां ती जागा वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं सरकारी दवाखाना गांठावा. घरीं रागावतील या भीतीनें कित्येक मुलें चावा लपवितात. पालकहो, चावा सांगणाऱ्या मुलावर रागावूं नका. त्याचा जीव त्या सांगण्यावर अवलंबून असतो.

आजोबांना त्यांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं पुढच्याच आठवड्यांत जाऊन दिलें. शेळ्यांना हा पार्व्हो लागत नाहीं. त्यांना जपावयाचें तें पीपीआरपासून, आणि त्याची लस निराळी. मांजरीला मात्र लागूं शकतो, कारण तो मुळांत तिच्याच घराण्यांतून निघाला व फिरून परत आला. तिलाहि लस मिळते. त्यांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें. त्यानंतर दरवर्षीं २८ सप्टेंबरला, म्हणजे पाश्चरांच्या पुण्यतिथीला, जो दिवस आतां जगभर रेबीज-दिन म्हणून पाळतात, पशुवैद्य आमच्या आवारांत लस टोंचण्यास येतात. मुलें गल्लोगल्लींचीं कुत्रीं दोरीला धरून आणतात, आणि आजोबा आपली मांजर पाटीखालीं झांकून घेऊन येतात व रांगेंत मुलांच्या मागें उभे राहतात. विषाची गोष्ट त्यांनीं पुन्हां कधीं काढली नाहीं. आम्ही मात्र ती विसरलों नाहीं. जें आपणांस कळलें नाहीं त्याचा दोष शेजाऱ्याच्या माथीं मारणें फार सोपें असतें. आणि तो दोष काढून घेण्यास, आमच्या बाबतींत, दुसरें एक पिलूं मरावें लागलें.